गॉलच्या वकिलाने मांडलेल्या वंशावळी

सिलोनमधली डच सत्ता फेब्रुवारी १७९६ मध्ये संपली, डच कायदा मात्र टिकला. २३ सप्टेंबर १७९९ च्या जाहीरनाम्याने इंग्रजांनी पूर्वीचेच कायदे चालू ठेवले. त्यामुळे शंभर वर्षांनंतरही तिथल्या वकिलाला रोमन-डच कायदा शिकावा लागे आणि वारसाहक्काच्या दाव्यात जुने डच कागद समोर येत. एफ. एच. डी व्होस हे गॉलचे असेच एक वकील. बर्गर घराण्यांच्या, म्हणजे डच काळात तिथे आलेल्या युरोपीयांच्या वंशजांच्या, त्यांनी जुळवलेल्या वंशावळी विसाव्या शतकाच्या आरंभी डच बर्गर युनियनच्या नियतकालिकात छापल्या जाऊ लागल्या. त्या वाचताना त्यांचा पेशा विसरून चालत नाही.

या वंशावळींत कौतुकाचा मजकूर जवळजवळ नाहीच. पिढीचा रोमन आकडा, नाव, बाप्तिस्म्याची तारीख, लग्नाची तारीख, जोडीदार विधवा किंवा विधुर असल्यास तशी नोंद, की लगेच पुढचा माणूस. मूळ पुरुषाबद्दल गाव, जहाज आणि डच ईस्ट इंडिया कंपनीतला हुद्दा एवढेच. हे मूळ पुरुष सगळे हॉलंडचे नव्हते. कंपनीच्या नोकरीत जर्मन होते, स्कँडिनेव्हियन होते, फ्रेंच प्रोटेस्टंटांचे वंशजही होते. कागदात जे गाव सापडले तेच छापल्यामुळे ‘डच’ म्हणवणाऱ्या समाजाची ही मिश्र घडण आपोआप उघडी पडते. मला या कामाचे मोल सर्वाधिक वाटते ते इथे.

अशा कामाचा पाया चर्चची नोंदवही. कोलंबोचे वोल्व्हेंदाल चर्च १७५७ मध्ये पुरे झाले, पण सुधारित पंथाच्या मंडळीच्या नोंदी त्याहून जुन्या आहेत. तिथे दुवा तुटला की मृत्युपत्राकडे वळायचे. नवरा-बायकोने मिळून एकच मृत्युपत्र करण्याची डच रीत होती, आणि अशा एका कागदात आधीच्या लग्नाची मुलेही सापडतात. अज्ञान मुले असलेल्या विधवेला पुन्हा लग्न करायचे तर आधी त्या मुलांचा वाटा ठरवून द्यावा लागे. ते काम अनाथांच्या मालमत्तेवर देखरेख करणाऱ्या मंडळापुढे चाले. दोघा योहानेसांपैकी कोण कोणाचा मुलगा, हा गुंता अशा वाटणीच्या कागदातून सुटू शकतो. मग थडग्यांचे शिलालेख. ते लिओपोल्ड लुडोविसी यांनी १८७७ मध्येच ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले होते. सरकारी दप्तराची व्यवस्था आर. जी. अँथनिस्झ पाहत होते, आणि तिथल्या डच कागदांवरचा त्यांचा अहवाल १९०७ चा आहे.

पुढच्याच वर्षी, १८ जानेवारी १९०८ रोजी, युनियन स्थापन झाली. सभासदत्वाचा मुख्य निकष होता कंपनीच्या काळातल्या युरोपीय पूर्वजापासून बापाकडून चालत आलेला वंश. साहजिकच वंशावळीला दाखल्याचे वजन आले, आणि पुराव्याची दिशाही ठरून गेली: बापाकडून बापाकडे.

आईची बाजू त्या मानाने दुबळी राहिली. १६५६ मध्ये कोलंबो घेतल्यानंतर कंपनीच्या कित्येक शिपायांनी आणि कारकुनांनी बेटावरच्याच, पोर्तुगीज आणि स्थानिक रक्ताच्या, स्त्रियांशी लग्ने केली. जुन्या पिढ्यांत पोर्तुगीज वळणाची स्त्री-नावे येतात ती यामुळे. नवऱ्याचे गाव आणि जहाज कळते, बायकोचे आईबाप कळत नाहीत. हा दोष डी व्होस यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. नोकराची नोंद ठेवण्यात कंपनीला पगाराचा हिशेब होता. त्याच्या सासुरवाडीशी तिला कर्तव्य नव्हते.

तरीही वाट पुरती बंद नाही. बाप्तिस्म्याच्या नोंदीत साक्षीदारांची नावे असतात, आणि साक्षीला बहुधा नात्यातलीच माणसे उभी राहत. एकाच आईच्या तीन-चार मुलांचे साक्षीदार शेजारी मांडले, की वारंवार येणारे एखादे आडनाव तिच्या माहेराचे असण्याची शक्यता वाढते. कोर्टात हा पुरावा टिकणार नाही. इतिहासात मात्र तो ‘बहुधा’ हा शब्द जोडून नोंदवता येतो, आणि छापील वंशावळींत मोकळ्या राहिलेल्या आईच्या जागा भरायला सुरुवात इथूनच करावी लागेल.