कैसरची लाकडे

आमच्या पिढीच्या लहानपणापर्यंत इंदूरच्या जुन्या वाड्यांमधून आंघोळीचे पाणी बंबात तापत असे. टालीवरून हातगाडीने ओंडके यायचे आणि कुणीतरी ते फोडून बंबाच्या तोंडात जातील एवढे करायचे. आमच्या वाड्यात काही वर्षे हे काम माझे वडील करत. बाबा कारकुनी पेशाचे, अंगाने बारीक. तरी सकाळी सहाला कुऱ्हाडीचा आवाज सुरू होई. ते असे का करत हे मला तेव्हा कळत नव्हते. पुढे जर्मनीच्या पदच्युत सम्राटाविषयी वाचताना ते थोडेफार कळले. मी इतिहासाचा अभ्यासक नाही, पदविका घेऊन राज्य सरकारच्या बांधकामांवर मोजमापे घेणारा माणूस आहे. पण मंडळाने इतिहासावर लिही म्हटले, तेव्हा हाच विषय डोक्यात आला.

विल्हेल्म दुसरा, ज्याला आपल्याकडे नुसते 'कैसर' म्हणत, तो इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाचा थोरला नातू. २७ जानेवारी १८५९ ला जन्मताना त्याच्या डाव्या हाताला इजा झाली आणि तो हात कायमचा आखूड व जवळजवळ निकामी राहिला. छायाचित्रांत तो हात तलवारीच्या मुठीवर नाहीतर हातमोज्यांआड लपवलेला दिसतो. भरपाई म्हणून की काय, उजव्या हातात ताकद विलक्षण होती. हस्तांदोलन करताना बोटातल्या अंगठ्या आत वळवून तो समोरच्याचा हात आवळी, असे सांगतात. खोड वाईटच.

पहिले महायुद्ध हरत आले आणि ९ नोव्हेंबर १९१८ ला बर्लिनमध्ये त्याचे सिंहासन गेल्याचे जाहीर झाले. दुसऱ्या दिवशी पहाटे तो हॉलंडच्या सीमेवरच्या आइसडेन गावी पोचला. तीस वर्षे एका साम्राज्याचा धनी असलेला हा माणूस डच सरकारचा निर्णय होईपर्यंत रेल्वे स्टेशनवर ताटकळत राहिला. सरकारने त्याला आसरा द्यायचे ठरवले, पण ठेवायचे कुठे? राणी विल्हेल्मिना त्याला राजवाड्यात घेणार नव्हती. तेव्हा आमेरोंगेनच्या गढीचे मालक काउंट गोडार्ड बेंटिंक यांना विचारण्यात आले. पाहुणे तीन दिवसांपुरते आहेत, असे सांगितले गेले.

बेंटिंक आणि कैसर जिवलग मित्र होते असे समजू नये. सरदार घराण्यांची असते तेवढीच ओळख. दोघे सेंट जॉनच्या सरदार-संघाचे सभासद होते आणि संकटातल्या बांधवाला आसरा देणे हे त्या संघाचे व्रत. एवढ्या धाग्यावर बेंटिंक यांनी दार उघडले. ११ तारखेला, म्हणजे जिकडेतिकडे तोफा थांबल्या त्याच दिवशी, कैसर पावसात त्यांच्या दारी उतरला आणि त्याने पहिली मागणी केली ती चांगल्या इंग्रजी चहाची! ज्यांच्याशी चार वर्षे लढला त्यांचाच चहा. हा किस्सा बहुतेक चरित्रांत येतो.

तीन दिवसांचे दीड वर्ष झाले. २८ नोव्हेंबरला सम्राज्ञीही तिथे आली आणि त्याच दिवशी कैसरने त्याच घरात राज्यत्यागाच्या कागदावर सही केली. फाटकाबाहेर जगभरचे वार्ताहर. व्हर्सायच्या तहाच्या २२७ व्या कलमात त्याच्यावर खटला चालवण्याचे ठरलेले आणि दोस्तराष्ट्रे 'माणूस आमच्या ताब्यात द्या' म्हणून डच सरकारच्या मागे लागलेली. जानेवारी १९१९ मध्ये तर अमेरिकन लष्करातले काही जण, टेनेसीचा माजी सिनेटर ल्यूक ली याच्या पुढाकाराने, कैसरला उचलून न्यायच्या बेताने थेट गढीत शिरले. यजमानांच्या घरच्यांनी त्यांना दिवाणखान्यात बसवून ठेवले, भेट नाकारली आणि बाहेर सैनिक जमू लागले तसे पाहुणे निघाले. जाताना एकाने तेवढे राखपात्र खिशात घातले. कैसर आणायला गेले आणि राखपात्र घेऊन आले!

अशा घरात कोंडलेल्या माणसाने दिवसभर करायचे काय? तो लाकडे कापू लागला. एका हाताने करवत ओढायची, दुसऱ्या टोकाला कुणी तरी सहायक. आवारातली झाडे पाडायची, ओंडके करायचे, ते फोडून रचायचे. सोबतचे अधिकारी थकून जात, तो थकत नसे. त्याचा सहायक जिगुर्ड फोन इल्जेमान याने त्या काळाची रोजनिशी ठेवली, म्हणून या गोष्टी आपल्यापर्यंत आल्या. पाडलेल्या झाडांचा हिशेब हजारांत गेला. जुन्या साम्राज्यात रोज सैन्याची संचलने पाहणारा माणूस आता सरपणाच्या राशी मोजत होता.

यावर त्या काळी खूप हसू झाले. इतके देश उजाड करून समाधान झाले नाही, आता झाडांवर उठला, अशा अर्थाचे. बोचरे आहे, पण खोटे म्हणता येत नाही. शिवाय झाडे होती यजमानांची. आपल्याकडे पाहुण्याने व्यायाम म्हणून परसातला आंबा तोडला तर काय होईल, कल्पना करा. बेंटिंक यांनी तेही चालवून घेतले. त्यांच्या औदार्याचे माप मला जेवणावळींपेक्षा या झाडांत जास्त दिसते.

कुऱ्हाड हाती घेतलेला थोर माणूस म्हणजे इंग्लंडचा पंतप्रधान ग्लॅडस्टन. हावर्डनच्या आपल्या मालमत्तेवर झाडे तोडणे हा त्याचा पन्नाशीच्या आसपास लागलेला छंद. मित्र आणि चाहते त्याला कुऱ्हाडी भेट देत, लोक त्याने पाडलेल्या ढलप्या आठवण म्हणून घरी नेत. १८६८ मध्ये सरकार बनवण्याचे बोलावणे येत असल्याची तार आली तेव्हाही तो झाडच तोडत होता. तार वाचून त्याने काम पुढे सुरू ठेवले, म्हणतात. कसरत तीच, पण एकाला सत्ता येत होती आणि दुसऱ्याची गेली होती. ग्लॅडस्टन घाम गाळून ताजातवाना होई. कैसर, मला वाटते, घाम गाळून झोप मिळवत असे.

आपण इंदूरकरांना गादी सोडणारे राजे नवे नाहीत. शिवाजीराव होळकरांनी १९०३ मध्ये आणि तुकोजीराव तिसऱ्यांनी १९२६ मध्ये गादी सोडली. त्या दिवसापासून सकाळी उठल्यावर हातांना काय काम द्यायचे, हा प्रश्न राजालाही पडतच असेल. इतिहासाची पुस्तके तिथे प्रकरण संपवतात.

१५ मे १९२० ला कैसर जवळच्याच डोर्न गावी स्वतः विकत घेतलेल्या घरी राहायला गेला. जर्मनीतून सामानाचे ५० हून अधिक डबे भरून आले. लाकूडकाम सुरूच राहिले. फोडलेले सरपण गावातल्या गरिबांना वाटले जाई आणि खास पाहुण्यांना सही केलेला लाकडाचा तुकडा मिळे. झाडे विरळ झाली तेव्हा त्याने तिथे गुलाबांची बाग लावली. इल्जेमानने बेंटिंक यांच्याच मुलीशी लग्न केले, त्यामुळे दोन्ही घरांचे येणेजाणे टिकले. १९२१ मध्ये सम्राज्ञी वारली. तिचा देह पॉट्सडॅमला नेला, पण कैसरला सोबत जाता आले नाही. त्याच्याविषयी कणव वाटताना एक मात्र विसरू नये. जून १९४० मध्ये पॅरिस पडले तेव्हा याच माणसाने हिटलरला अभिनंदनाची तार केली होती. ४ जून १९४१ रोजी तो डोर्नलाच वारला.

आता बाबांचे. ते ज्या कापडगिरणीत होते ती बंद पडली आणि घरभाडे थकू लागले. त्यांच्या शाळासोबत्याचा वाडा होता, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. 'गाडी रुळावर येईपर्यंत मागच्या दोन खोल्या घे,' असे अण्णा म्हणाले. महिन्या-दोन महिन्यांची बोली होती, आम्ही अडीच वर्षे राहिलो. भाड्याचा विषय निघाला की अण्णा उठून आत जात. म्हणून बाबांनी टालीवाल्याशी बोलून ओंडके न फोडता आणवायला सुरुवात केली आणि साऱ्या वाड्याच्या बंबांचे सरपण स्वतः फोडू लागले. आई म्हणे, 'लोक काय म्हणतील?' बाबा म्हणत, 'व्यायाम होतो.' पोटऱ्या, दंड खरेच भरले होते त्यांचे त्या काळात.

पुढे बाबांना एका दुकानात हिशेबाची नोकरी लागली, आम्ही दुसरीकडे बिऱ्हाड केले. तरी दर रविवारी बाबा सायकलने वाड्यात जाऊन आठवड्याचे सरपण फोडून येत. बंब जाऊन गॅसचा गीझर लागला त्या वर्षी अण्णांनी त्यांना विचारले, 'अरे, आता रविवारी काय करशील?'

'येईन की,' बाबा म्हणाले. 'चहा ठेव.'