वजन घटवण्याची शस्त्रक्रिया

वजन घटवण्याची शस्त्रक्रिया अथवा बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया ही तीव्र लठ्ठपणावरील उपचारपद्धती आहे. तीत जठराचे आकारमान कमी केले जाते, लहान आतड्यातील अन्नाचा मार्ग बदलला जातो किंवा या दोन्ही गोष्टी केल्या जातात. बहुतेक शस्त्रक्रिया पोटावर लहान छेद घेऊन दुर्बिणीद्वारे होतात. त्वचेखालील चरबी शोषून काढणारी लायपोसक्शन ही याहून वेगळी, शरीराला आकार देणारी शस्त्रक्रिया होय.

निकष

रुग्णाची निवड करताना बॉडी मास इंडेक्स (बीएमआय), म्हणजे किलोग्रॅममधील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग, विचारात घेतात. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार बीएमआय ३५ किंवा अधिक असल्यास शस्त्रक्रियेची शिफारस केली जाते. आशियाई वंशाच्या व्यक्तींना कमी वजनातही मधुमेह जडत असल्याने त्यांच्यासाठी ही मर्यादा २७.५ सुचवली आहे.

प्रकार

* स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी : जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून नळीसारखा भाग ठेवतात. भूक वाढवणाऱ्या घ्रेलिन संप्रेरकाचे प्रमाणही घटते. काढलेला भाग पुन्हा जोडता येत नाही. काही रुग्णांत आम्लपित्ताचा त्रास वाढतो.
* रू-एन-वाय गॅस्ट्रिक बायपास : जठराच्या वरच्या भागात सुमारे ३० मिलिलिटरची पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. मधुमेहावर हिचा चांगला परिणाम दिसतो. गोड खाल्ल्यानंतर मळमळ, घाम व जुलाब होऊ शकतात.
* मिनी गॅस्ट्रिक बायपास : लांबट जठर-पिशवी आतड्याला एकाच ठिकाणी जोडली जाते.
* गॅस्ट्रिक बँड : जठराभोवती सिलिकॉनचा पट्टा बसवतात. तो सैल वा घट्ट करता येतो व काढताही येतो. आता हिचा वापर बराच कमी झाला आहे.
* ड्युओडिनल स्विच : स्लीव्हसोबत आतड्याचा मोठा भाग वगळला जातो. वजन सर्वाधिक घटते, परंतु कुपोषणाचा धोकाही अधिक असतो.

इतिहास

अमेरिकन शल्यविशारद एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये लठ्ठपणासाठी गॅस्ट्रिक बायपास सुरू केली. स्लीव्ह ही आरंभी ड्युओडिनल स्विचचा पहिला टप्पा होती. पुढे ती स्वतंत्र शस्त्रक्रिया म्हणून रूढ झाली.

महाराष्ट्रात २०१७ मध्ये मुंबईच्या सैफी रुग्णालयात इजिप्तच्या इमान अहमद यांच्यावर डॉ. मुफज्जल लकडावाला यांच्या पथकाने स्लीव्ह शस्त्रक्रिया केली. त्यांचे वजन सुमारे ५०० किलो असल्याचे सांगण्यात आले होते. त्यांना पुढील उपचारांसाठी अबू धाबीला नेण्यात आले. तेथे सप्टेंबर २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. या घटनेमुळे ही शस्त्रक्रिया देशभर चर्चेत आली.

धोके व पश्चात काळजी

रक्तस्राव, जोडातून गळती, जंतुसंसर्ग व रक्ताच्या गुठळ्या हे तात्कालिक धोके आहेत. नंतर लोह, कॅल्शियम, ब१२ व ड जीवनसत्त्वाची कमतरता आणि पित्ताशयात खडे संभवतात. सुरुवातीस द्रव, मग मऊ व नंतर घन आहार दिला जातो. प्रथिनयुक्त आहार, पूरक जीवनसत्त्वे व रक्ततपासण्या आयुष्यभर आवश्यक असतात. स्त्रियांनी साधारण १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी, असे सुचवले जाते. जुन्या आहारसवयी परतल्यास वजन पुन्हा वाढू शकते.