रकाना आणि ओळ



इतिहास म्हटला की राज्ये, लढाया आणि तहनामे डोळ्यांपुढे येतात. आज मी ज्या इतिहासाविषयी बोलणार आहे, त्यात रणांगण नाही. आहे तो केवळ एक तक्ता. परंतु कोणाची नोंद होते आणि कोणाची राहून जाते, हे पुष्कळदा या तक्त्याच्या आखणीवरच ठरत असते.

शाळेचे एक साधे रजिस्टर घ्या. विद्यार्थ्याचा क्रमांक, नाव आणि पुढे 'विषय १' पासून 'विषय ६' पर्यंत सहा रकाने. एखाद्याने सातवा विषय घेतला तर तो लिहावयाचा कोठे? चारच विषय घेणाऱ्याचे दोन रकाने रिकामे राहतात, ते वेगळेच. आणि 'संस्कृत किती जणांनी घेतले?' असे मुख्याध्यापकांनी विचारले, तर कारकुनाला सहाही रकाने धुंडाळावे लागतात. कारण कोणाचे संस्कृत दुसऱ्या रकान्यात असते, तर कोणाचे पाचव्या. सगळे विषय स्वल्पविराम देऊन एकाच चौकटीत लिहिले, तर जागेची अडचण सुटते. पण शोधण्याची वाढते.

ही अडचण यंत्रयुगाने सोडविली नाही. उलट ती पक्की केली. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांनी छिद्रे पाडलेली कार्डे वापरली. ठरावीक जागी पडलेल्या छिद्राला ठरावीक अर्थ असे. १९२८ मध्ये आयबीएम कंपनीचे ८० स्तंभांचे कार्ड आले आणि माहितीची रुंदी आधीच ठरवून टाकण्याची सवय हिशेबनिसांच्या हाडीमांसी खिळली. पुढे कोबोल या संगणकभाषेत तर, अमुक नोंद इतक्या वेळा येईल हे सांगण्यासाठी 'ऑकर्स' असा स्वतंत्र शब्दच ठेवण्यात आला.

१९६० नंतरच्या दशकात चंद्रावर माणूस पाठविण्याची तयारी चालू होती. यानाच्या असंख्य सुट्या भागांची यादी ठेवणे हेच एक महासंकट होते. आयबीएम आणि नॉर्थ अमेरिकन रॉकवेल यांच्या सहकार्यातून 'आयएमएस' ही प्रणाली उभी राहिली व १९६८ मध्ये कामाला लागली. तिची रचना वंशावळीसारखी होती : एका भागाखाली त्याचे उपभाग, त्यांखाली त्यांचे उपभाग. मुळापासून फांदीकडे जाणे सोपे. पण आधी न योजिलेला प्रश्न आडवा विचारला की वाट बिकट होई. चार्ल्स बाकमन यांच्या जाळेवजा रचनेत वाटा अधिक होत्या. तथापि त्या वाटांनी चालण्याचे काम आज्ञावली लिहिणाऱ्याकडेच होते. १९७३ चा ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना बाकमन यांनी त्याला 'नाविक' म्हटले, ते यथार्थच होते.

या पार्श्वभूमीवर जून १९७० मध्ये एडगर कॉड यांचा निबंध प्रसिद्ध झाला. इंग्लंडमध्ये जन्मलेला आणि दुसऱ्या महायुद्धात वैमानिक असलेला हा गणिती तेव्हा आयबीएमच्या सेवेत होता. त्याने दिलेले उदाहरण घरगुती म्हणावे इतके साधे आहे. कर्मचाऱ्याच्या नोंदीत त्याची मुलेही येतात. कोणाला एक मूल, कोणाला पाच. कॉड यांनी मुलांना कर्मचाऱ्याच्या ओळीतून बाहेर काढले आणि त्यांचा स्वतंत्र तक्ता केला : कर्मचारी क्रमांक, मुलाचे नाव, जन्मवर्ष. प्रत्येक मुलाला स्वतःची ओळ मिळाली आणि पालकाचा क्रमांक हा दोन्ही तक्त्यांना जोडणारा धागा ठरला. पुढे ही अवस्था 'फर्स्ट नॉर्मल फॉर्म' या नावाने रूढ झाली. तिचे मर्म एवढेच, की जे वाढू शकते ते आडवे न वाढविता उभे वाढवावे. रकाने आखून ठेवावे लागतात. ओळी मात्र हव्या तितक्या जोडता येतात.

आपल्या रजिस्टरालाही हाच न्याय लावून पाहू. विद्यार्थ्यांचा एक तक्ता, विषयांचा दुसरा, आणि कोणी कोणता विषय घेतला हे सांगणारा तिसरा. या तिसऱ्यात विद्यार्थी व विषय यांची एक जोडी एकदाच येईल, असा निर्बंध घालावयाचा. १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी मांडलेल्या आणि पुढे 'एसक्यूएल' म्हणून प्रसिद्धी पावलेल्या भाषेत मग प्रश्न सरळ विचारता येतात. संस्कृतच्या ओळी मोजल्या की संख्या मिळते. मराठी आणि संस्कृत दोन्ही घेणारे कोण? त्या दोन विषयांच्या ओळी निवडाव्या, विद्यार्थिवार गट करावे, आणि ज्यांच्या गटात दोन ओळी भरतात ते ठेवावे. कितवा रकाना, हा प्रश्नच उरत नाही.

या पद्धतीला विरोधही झाला. तक्ते पुन्हापुन्हा जोडण्यात यंत्राचा वेळ जातो, हा आक्षेप त्या काळी खोटा नव्हता. १९९९ च्या एसक्यूएल मानकाने तर एका चौकटीत यादी ठेवण्याची मुभाही दिली. यादी नेहमी अखंडच वाचावयाची असेल, तर त्यात गैर काही नाही. पण तिच्यातील एकेका घटकाविषयी प्रश्न विचारावयाचे असतील, तर त्याला स्वतःची ओळ द्यावी, हे माझे मत आहे.

आता आपल्या दाराशी येऊ. भारताच्या २०११ च्या जनगणनेत मातृभाषेनंतर, येत असलेल्या आणखी दोनच भाषांची नोंद करावयाची होती. बेळगावात घरी मराठी, बाजारात कन्नड, नातलगांशी कोकणी, प्रवासात हिंदी आणि कचेरीत इंग्रजी बोलणारी व्यक्ती दुर्मीळ नाही. तिच्या दोन भाषा त्या कागदावर येऊच शकल्या नाहीत. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. १२१ कोटी माणसांची मोजणी कागदावर करावयाची, तर मर्यादा घालणे भागच होते. परंतु त्या आकड्यांवरून 'अमुक गावात कोकणी जाणणारे किती?' असे विचारणाऱ्याने हे ध्यानी ठेवले पाहिजे, की उत्तर माणसांइतकेच रकान्यांनीही दिलेले आहे. जी नोंद झालीच नाही, ती कोणत्याही कुशल प्रश्नाने परत मिळत नाही.

म्हणून आपल्यापैकी जे बँकेत, दवाखान्यात, पतपेढीत किंवा याच शाळेच्या कार्यालयात नोंदवह्या आखतात, त्यांना माझी एकच विनंती आहे. प्रत्येक रकान्याशी क्षणभर थांबून विचारावे : हे एकाहून अधिक असू शकेल काय? उत्तर 'होय' असेल, तर त्याला रकाना नव्हे, तक्ता द्यावा. माणसाने फॉर्मात मावावे अशी अपेक्षा धरण्यापेक्षा, फॉर्मात माणूस मावेल अशी आखणी करणे हेच शहाणपणाचे.