ताकायासू यांचे नेत्रनिरीक्षण व नाडीहीन रोग

इ. स. १९०८ मध्ये कानाझावा येथील नेत्रवैद्य मिकितो ताकायासू यांनी फुकुओका येथील जपानी नेत्रवैद्यांच्या सभेत एका २१ वर्षांच्या तरुणीची हकीकत मांडली. दृष्टिमज्जातंतूच्या मुखाभोवती रक्तवाहिन्या एकमेकींत मिळून त्यांचे जणू कडेच पडले होते. त्याच प्रसंगी ओनिशी व कागोशिमा यांनी आपापल्या अशाच रुग्णाच्या मनगटाची नाडी लागत नसल्याचे सांगितले. मूळ विकार डोळ्याचा नव्हे, तर महारोहिणी व तिच्या शाखांच्या दाहाचा होय, हे यथावकाश स्पष्ट झाले. मानेतील रोहिण्या अरुंद होऊन डोळ्यास रक्त अपुरे पडते. त्या उणिवेतूनच हे कडे उद्भवते व पुढे दृष्टीही जाऊ शकते. १९५१ मध्ये शिमिझू व सानो यांनी या व्याधीस ‘नाडीहीन रोग’ म्हटले. तात्पर्य, असे नेत्र दिसताच वैद्याने मनगटही चाचपावे.