सातपुड्याचं जंगल गेलं कुठं? हवेत!

उन्हाळा तापला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आदिवासींनी जंगल तोडलं, म्हणून ही गरमी." मित्रांनो, हा हिशेब एकदा जुन्या वहीपासून मांडून बघू या.

आधी साधं गणित. वाळलेल्या लाकडाचं साधारण निम्मं वजन म्हणजे कार्बन. एक टन वाळलेलं लाकूड जाळलं, की जवळपास 1.8 टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आजोबांच्या घरातल्या सागाच्या खांबात तो कार्बन अजून बंद आहे. पण फांद्या, मुळं, पालापाचोळा जळतो किंवा कुजतो. नंतर नांगर फिरला की मातीत साठलेला कार्बनही सुटायला लागतो. 1850 पासून माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा जवळपास तिसरा हिस्सा असा जंगलतोडीतून आणि जमिनीचा वापर बदलल्यामुळे आला आहे, चिमण्यांच्या धुरातून नाही.

आता आपल्या भागाचं बघा. 1818 ला खानदेश इंग्रजांकडे गेला. 1865 आणि 1878 च्या वन कायद्यांनी जंगल सरकारी झालं. साग सरकारचा आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहणारा भिल्ल, पावरा 'अतिक्रमणदार'! 1900 च्या सुमारास तापी खोऱ्यात रेल्वे आली आणि लाकडाला दूरची बाजारपेठ मिळाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात 'अधिक धान्य पिकवा' मोहीम निघाली. त्यात सरकारनेच जंगलातल्या जमिनी एकसाली पट्ट्याने कसायला दिल्या. म्हणजे झाडाच्या जागी पीक घ्या, हे सांगणारं सरकारच होतं.

मग सरदार सरोवर. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली 33 गावं बुडीतात आली. महाराष्ट्राच्या बुडीत क्षेत्रात सुमारे साडेसहा हजार हेक्टर वनजमीन होती. पाण्याखाली गेलेला पाला आणि लाकूड हवेविना कुजतं, त्यातून मिथेन निघतो. तो तर कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त उष्णता धरून ठेवतो. विस्थापितांना जमीन कुठून द्यायची? तर तळोद्याचं जंगल मोकळं केलं. 1990 मध्ये 2,700 हेक्टर, पुढे आणखी 1,500. एका धरणापायी दोन ठिकाणचं जंगल गेलं.

गरिबाने झाड तोडलंच नाही, असं मी म्हणत नाही. चूल आहे, शेत आहे, पोट आहे. पण कुऱ्हाड दिसते आणि फाईल दिसत नाही, एवढाच फरक. वनपट्ट्याचा विषय निघाला की सगळं खापर दावेदाराच्या डोक्यावर फुटतं. 2006 चा वनहक्क कायदा मात्र 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून ताब्यात असलेल्या जमिनीबद्दल बोलतो, नव्या तोडीला परवाना देत नाही. उलट सामूहिक हक्कात जंगल राखायचा अधिकार तो ग्रामसभेला देतो.

आणि राखलं तर जंगल परत येतं. शेजारच्या साक्री तालुक्यातलं बारीपाडा बघा. गावाने स्वतःच नियम केले, पहारा दिला आणि उजाड डोंगर पुन्हा हिरवा केला. चैत्राम पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. वाढणारं झाड हवेतला कार्बन परत खोडात आणि मातीत भरतं. फक्त तोडायला एक दिवस लागतो, भरायला पन्नास वर्षं.

तुमच्या गावच्या सामूहिक वनहक्काचं काय झालं? दावा मंजूर आहे की फाईल पडून आहे? पुढच्या ग्रामसभेत एवढं विचारा, आणि उत्तर इथं कमेंटमध्ये टाका.