सहलीची कीर्द

आषाढीच्या वारीस निघणाऱ्या दिंडीकडे भक्तीच्या दृष्टीने पाहणारे पुष्कळ आहेत. हिशेबाच्या दृष्टीने पाहणारा क्वचितच आढळतो. वस्तुतः शेकडो माणसांनी पंधरा-वीस दिवस पायी चालावे, रोज नव्या गावी मुक्काम करावा, दोन वेळ जेवावे आणि कोणी उपाशी राहू नये, ही गोष्ट केवळ नामस्मरणाने साधत नाही. सातारा जिल्ह्यातील आरफळचे हैबतबाबा यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीचा स्वतंत्र सोहळा सुरू केला, अंकलीच्या शितोळे सरदारांचे अश्व आणि साहाय्य त्यास मिळाले, आणि दिंड्यांचा क्रम, चोपदाराचा अधिकार व मुक्कामांची वाटणी यांस जी शिस्त लागली ती आजतागायत टिकून आहे. या शिस्तीच्या पोटात ‘भिशी’ नावाची एक साधी व्यवस्था आहे: दिंडीतील वारकऱ्यांनी ठरलेली रक्कम वा शिधा द्यावा, त्यातून धान्य, सरपण, तंबू आणि वाहन यांची तजवीज व्हावी, आणि ज्याच्याजवळ देण्यास थोडे आहे त्यालाही पंगतीत पान मिळावे. सामुदायिक प्रवासाचे अंदाजपत्रक स्वतः मांडण्याची विद्या महाराष्ट्राला आधुनिक शाळेने शिकविली नाही; ती या भूमीत आधीपासूनच रुजलेली होती.

आपल्या शाळांतील सहलीचा इतिहास लिहावयाचा झाल्यास तो स्थळांच्या यादीने लिहिण्याचा मोह होतो. माझ्या मते त्या इतिहासाचा खरा धागा जमाखर्चाच्या वहीत सापडतो. सहल कोठे गेली यापेक्षा सहलीचा हिशेब कोणाच्या हाती होता, हा प्रश्न शिक्षणाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी धावली आणि दहा वर्षांनी, 1863 साली, बोरघाटातील लोहमार्ग पूर्ण होऊन मुंबई व पुणे जोडली गेली. तोवर विद्यार्थ्याचा प्रवास म्हणजे काशीस वेदाध्ययनासाठी जाणे किंवा गावाबाहेरील देवस्थानाच्या जत्रेस जाणे एवढाच असे. आगगाडीने एका दिवसात घाट उतरून समुद्र पाहणे शक्य केले. 1880 च्या आरंभी चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांच्या उद्योगाने पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उघडले, त्यास लौकरच आगरकर येऊन मिळाले, आणि स्वाभिमानी शिक्षणाची आकांक्षा घेऊन खाजगी शाळांची एक परंपराच उभी राहिली. या शाळांना इतिहास केवळ क्रमिक पुस्तकातून शिकवावयाचा नव्हता. 1896 साली रायगडावर शिवोत्सव साजरा झाला, 1910 साली इतिहाससंशोधक राजवाड्यांच्या पुढाकाराने भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, आणि बखरी, कागदपत्रे व किल्ले यांविषयी जी नवी उत्कंठा सुशिक्षितांत जागी झाली तिचे पडसाद शाळांच्या वर्गांत उमटले. सिंहगड, रायगड, कार्ल्याची लेणी ही ठिकाणे त्यामुळे अभ्यासाची झाली. तरीही या काळातील सहल ही बहुधा शिक्षकाची कामगिरी होती. मास्तरांनी ठरवावे, मास्तरांनी पैसे गोळा करावेत आणि मुलांनी रांगेत चालावे.

हिशेबाची वही मुलांच्या हाती येण्याची वाट वर्गातून गेली नाही, ती वसतिगृहातून गेली. राजर्षी शाहू छत्रपतींनी 1901 पासून कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी करण्यास आरंभ केला. 1919 साली काले येथे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, 1924 साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास हलले, आणि तेथील वसतिगृहाचे नामकरण 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे झाले. या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एका चुलीवरचे अन्न एका पंगतीस बसून खात. ते अन्न मुलेच रांधीत, पाणी तीच भरीत आणि शेतीची व श्रमाची कामेही तीच करीत. कोठारात धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रही, मोडण्यास दिले, ही हकीकत महाराष्ट्रास ठाऊक आहे. ज्या मुलाने असे कोठार जवळून पाहिले त्याला शेरभर ज्वारीची किंमत वेगळी समजवावी लागत नाही.

1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली, झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि हस्तोद्योगातून शिक्षण देणाऱ्या नई तालीमचा आराखडा देशापुढे आला. सेवाग्रामच्या शाळेत स्वयंपाकघर हा एक प्रकारचा वर्गच मानला गेला: आठवड्याचा आहार ठरविणे, त्याचा खर्च काढणे, भाजीचे वजन करणे आणि शेवटी सर्वांसमोर हिशेब ठेवणे, या क्रमातून गणित, आरोग्यशास्त्र आणि लोकशाही यांचे पाठ एकदमच होत. याच सुमारास अमेरिकेतील विचारही आपल्या अध्यापन-महाविद्यालयांतून परिचित होऊ लागला होता. जॉन ड्यूई यांनी 1896 साली शिकागोस प्रायोगिक शाळा काढली आणि त्यांचे शिष्य किलपॅट्रिक यांनी 1918 साली प्रकल्पपद्धतीचे प्रतिपादन केले. मुलांनी स्वतः हेतू ठरवावा, योजना आखावी, ती तडीस न्यावी आणि मग तिचे मूल्यमापन करावे, हे त्या पद्धतीचे चार टप्पे. ज्यांनी बोर्डिंगात पाळीने कोठार सांभाळले होते त्यांना यात अनोळखी असे थोडेच असणार.

स्वातंत्र्यानंतर सहलीचे स्वरूप पालटले. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली मोटार धावली आणि पुढील काही दशकांत ‘एसटी’ने ज्या गावांस आगगाडीची शिटी कधी ऐकू आली नव्हती तेथपर्यंत रस्ता पोहोचविला. जिल्ह्याच्या टोकावरील शाळेलाही आता सबंध गाडी मिळू लागली, आणि त्या व्यवहाराला महामंडळाच्या दप्तरात ‘प्रासंगिक करार’ हे नाव मिळाले. सहलीची ठिकाणेही राष्ट्राच्या नव्या आकांक्षेप्रमाणे बदलली. मुंबईस जाणारी शाळा राणीचा बाग आणि वस्तुसंग्रहालय तर पाहीच, शिवाय 1949 साली वसविलेली आरे दुग्धवसाहत आणि 1951 साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालयही पाही. साताऱ्याकडे जाणारी शाळा प्रतापगडाबरोबर कोयनेचे धरण पाहू लागली. साने गुरुजींनी 1949 च्या पुण्यातील साहित्य संमेलनात आंतरभारतीची कल्पना मांडली. निरनिराळ्या प्रांतांतील तरुणांनी परस्परांची भाषा शिकावी, परस्परांच्या सहवासात राहावे, हा तिचा गाभा होता. प्रवासी विद्यार्थ्याला धर्मशाळेऐवजी एखाद्या कुटुंबाचे घर मिळाले तर मुक्कामाचा खर्च वाचतो आणि सहलीचा हेतूही अधिक सफल होतो, ही शिकवण त्या कल्पनेतून सहज निघते.

या काळातील हिशेबाची कल्पना येण्यासाठी एक उदाहरण मांडून पाहावे. समजा, 45 मुलांच्या वर्गाला 100 रुपये खर्च येणार आहे. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी येईपर्यंत रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै होत्या. म्हणून दरडोई वर्गणी दोन रुपये तीन आणे सहा पै निघे आणि वर दोन-तृतीयांश पै उरे. हा अपूर्णांक कोणी द्यावयाचा? तो सोडून दिला तर एकंदर अडीच आण्यांची तूट येते, आणि त्या अडीच आण्यांत कोणाच्या तरी चहाचा किंवा नावाड्याच्या मजुरीचा भाग बुडतो. फळ्यावरील त्रैराशिकात उत्तर बरोबर आले की मुलगा पाटी पुसतो. येथे उत्तर आल्यावरही तूट भरून काढण्याचे कर्तव्य शिल्लक राहते.

करारावर घेतलेल्या गाडीचा हिशेबही असाच बोधप्रद असतो. गाडी शाळेच्या दारी येते तेव्हापासून अंतर मोजले जात असेल, असे मुलांना प्रथम वाटते. चौकशी करता कळते की ते आगारातून सुटल्यापासून आगारात परतेपर्यंत मोजावयाचे. गाडी नुसती उभी राहिली तरी खोळंबा आकार पडतो, अनामत आधी भरावी लागते, आणि शालेय सहलीची निम्मी सवलत हवी असल्यास मुख्याध्यापकांच्या पत्रासह रीतसर अर्ज लागतो. हा अर्ज ज्या विद्यार्थ्याने स्वतः लिहिला आणि आगारप्रमुखाच्या टेबलापुढे उभे राहून दाखल केला, त्याचा शासनव्यवहाराशी पहिला परिचय झाला असे म्हणावयास हरकत नाही. सहलीच्या दिवशी ज्याच्याजवळ तसलमात, म्हणजे खर्चासाठीची आगाऊ रक्कम, दिलेली असते त्याने प्रत्येक पावती जपावी, रात्री मुक्कामावर रोजकीर्द लिहावी, परत आल्यावर ताळेबंद वर्गापुढे वाचावा आणि शिल्लक परत करावी. हा क्रम एकदा अंगवळणी पडलेला मनुष्य पुढे ग्रामपंचायतीत बसो वा सहकारी सोसायटीत, त्याच्या वहीत खाडाखोड सहसा सापडावयाची नाही.

परंतु या वहीतील सर्वांत अवघड कलम गणिताचे नसते. आजच्या दराने पाहू. सहलीचा खर्च 27,000 रुपये आणि मुले 45, म्हणजे दरडोई 600 रुपये. त्यांपैकी पाच मुलांच्या घरी ही रक्कम नाही. वर्गणी शिक्षकाने ठरविली असेल तर ही पाच मुले मुकाट्याने ‘मला यावयाचे नाही’ असे सांगतात आणि यादीवरून त्यांची नावे गळतात. अंदाजपत्रक मुलांनीच मांडले असेल तर 3,000 रुपयांची तूट सर्वांच्या समोर येते. मग उरलेल्या 40 जणांनी 675 रुपये द्यावेत, की एक मुक्काम कमी करावा, की हॉटेलातील जेवण रद्द करून घरची भाजीभाकरी बांधून घ्यावी, की आनंदबाजार भरवून ती रक्कम उभी करावी, असा विचार सुरू होतो. कोणत्या पाच जणांसाठी हे चालले आहे याची वाच्यता न करता तो विचार पार पाडणे, हे सहलीतील सर्वांत उच्च शिक्षण होय. दिंडीच्या भिशीत जी करुणा व्यवस्थेच्या रूपाने वावरते तिचाच हा शालेय अवतार आहे.

गेल्या काही दशकांत ही वही मुलांच्या हातून हळूहळू निसटली. सहली आयोजित करणारे व्यावसायिक पुढे आले, गाडी, जेवण, प्रवेशशुल्क आणि मुक्काम यांची एकच ठोक रक्कम ठरू लागली, आणि शाळेचे काम ती गोळा करून पाठविण्यापुरते उरले. तशात 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याचे महाविद्यालयीन विद्यार्थी बुडून मृत्युमुखी पडले. त्या घटनेने सारा महाराष्ट्र हळहळला आणि सहलींवरील नियम कडक झाले. ते योग्यच झाले. पाण्याची खोली, वाहनाची योग्यता, रात्रीचा प्रवास आणि औषधोपचार यांची जबाबदारी प्रौढांचीच आहे व ती कोणत्याही शैक्षणिक तत्त्वाच्या नावाखाली मुलांवर टाकता येणार नाही. पण सुरक्षिततेचा भार शिक्षकांनी उचलला म्हणून अंदाजपत्रकाचा अधिकारही मुलांकडून काढून घ्यावा, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाली आहे आणि ती दूर करणे कठीण नाही.

दूरची सहल परवडत नसेल तर जवळची काढावी. कोल्हापुरात 1985 साली लीलाताई पाटील यांनी सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाने भोवतालच्या परिसरालाच शिकण्याचे क्षेत्र मानले, हे या बाबतीत आठवण्याजोगे आहे. गुऱ्हाळ, कुंभाराची भट्टी, बाजार समितीचा लिलाव किंवा गावाचा पाणीपुरवठा पाहण्यास फारसा पैसा लागत नाही, आणि जो लागतो त्याचा हिशेब सातवीचा वर्गही निर्वेधपणे ठेवू शकतो.

शिक्षकबंधुभगिनींना म्हणून माझी एक विनंती आहे. येत्या दिवाळीनंतर सहलीचा विषय निघेल तेव्हा ठिकाण जाहीर करण्यापूर्वी वर्गाला एक कोरी वही द्यावी, पाच जणांची समिती वर्गानेच निवडावी, वाहनाचे दर, अंतरे आणि शुल्क यांची चौकशी तिने करावी, आणि परत आल्यावर ताळेबंद पालकांसमोर त्या मुलांनीच वाचावा. हिशेबात चूक झाली तर ती शोधून काढण्याचे कामही त्यांनाच करू द्यावे. सहल एक दिवस उशिरा निघाली तरी चालेल. तिची कीर्द मात्र मुलांच्याच हस्ताक्षरात असावी.