एका आसनाची निळी गाडी

१९४४च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधील स्टोक मँडविल येथे, पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी एक विभाग सुरू झाला. त्याचे प्रमुख होते नाझी जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमान. तोवर असा रुग्ण फार काळ जगत नाही, हेच वैद्यकाचे गृहीत होते. मोडलेल्या मणक्यापेक्षा अंथरुणात पडून झालेल्या जखमा आणि मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग यांनीच तो दगावत असे. गुटमान यांनी दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलण्याची शिस्त घातली. माणसे जगू लागली. मग वेगळाच प्रश्न उभा राहिला: कमरेखाली संवेदना नसलेला हा तरुण रुग्णालयाबाहेर पडणार तो कशावर?

याचे एक उत्तर एसेक्स परगण्यात आकाराला येत होते. बर्ट ग्रीव्ह्ज हा हाडाचा मोटारसायकलवाला. त्याचा भाऊबंद डेरी प्रेस्टन-कॉब याला पायांनी चालता येत नव्हते. त्याच्या चाकाच्या खुर्चीला ग्रीव्ह्जने गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन बसवले, अशी या गाडीची जन्मकथा सांगितली जाते. महायुद्धानंतर दोघांनी मिळून ‘इन्व्हाकार’ कंपनी काढली. पुढे ग्रीव्ह्ज नावाच्या शर्यतीच्या मोटारसायकलीही याच जोडीच्या उद्योगातून बाहेर पडल्या.

मोटारसायकलशी असलेले हे नाते वरवरचे नव्हते. मोटारगाडी पायांवर चालते; क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर सारे पायांखाली. मोटारसायकलचा मात्र बराचसा कारभार हातांत असतो. म्हणून तीन चाके, हँडल आणि हातांनी चालणारी नियंत्रणे एवढे जुळले की पाय गमावलेला माणूस पुन्हा रस्त्यावर येई. अशा गाड्या सरकार देई, आधी युद्धजखमींना आणि नंतर राष्ट्रीय आरोग्य सेवेमार्फत इतर अपंगांनाही. १९७०च्या दशकातील ‘मॉडेल ७०’ सर्वांत प्रसिद्ध: फायबरग्लासचे फिकट निळे अंग, सरकते दरवाजे, सुमारे ५०० सीसीचे ऑस्ट्रियन इंजिन, आसनाशेजारी घडीची खुर्ची ठेवण्याइतकी जागा. ‘कोब्रा’सारखी दिमाखदार स्पोर्ट्स कार घडवणारी एसी ही कंपनीसुद्धा हीच गाडी बनवत होती, हे वाचून आज नवल वाटते.

परंतु आसन एकच होते. सोबत कोणाला घेण्यास नियमाने मनाई होती. आईने गाडी चालवायची तर मूल घरी ठेवावे लागे. पती-पत्नी दोघेही अपंग असले तर दोघांच्या दोन गाड्या, मागेपुढे. जखमेने तोडलेला रस्ता सरकारने परत दिला, पण एकट्यापुरताच. त्यात पुढे एकच चाक असल्याने आणि अंग हलके असल्याने आडव्या वाऱ्यात गाडी भेलकांडे, कधी उलटेही. ज्यांच्यासाठी ती बनली, त्यांच्याच संघटना तिच्याविरुद्ध उभ्या राहिल्या, आणि ते योग्यच होते.

१९७४मध्ये बॅरोनेस शार्प यांच्या अहवालाने तीनचाकीऐवजी मोटारगाडीची शिफारस केली. १९७६पासून प्रवासभत्ता सुरू झाला आणि पाठोपाठ १९७७मध्ये ‘मोटॅबिलिटी’ ही मोटार मिळवून देणारी योजना आली. निळ्या गाडीचे उत्पादन थांबले.

तिचे सरकारी नाव होते ‘इनव्हॅलिड कॅरेज’. भारताच्या १९८८च्या मोटार वाहन कायद्यातही तोच शब्द होता, आणि व्याख्येची अट अशी की वाहन अपंगासाठी खास घडवलेले असावे, केवळ फेरफार केलेले नसावे. आपल्या गल्लीत दिसणारी, मागे दोन जादा चाके जोडलेली स्कूटर त्या व्याख्येत बसत नव्हती. २०१९च्या दुरुस्तीने तो शब्द गेला आणि ‘अनुकूलित वाहन’ ही व्यापक संज्ञा आली.

ब्रिटनमध्ये ३१ मार्च २००३ रोजी उरलेल्या सरकारी निळ्या गाड्या रस्त्यावरून काढून घेण्यात आल्या. ज्यांनी अनेक वर्षे त्या चालवल्या, त्यांच्या मालकीच्या त्या कधीच नव्हत्या; सरकारने वापरण्यापुरत्या दिल्या होत्या. बहुतेक गाड्या मोडीत गेल्या. थोड्या संग्रहालयांत आणि हौशी संग्राहकांकडे उरल्या आहेत.